तेरा दिवसांची गैरहजेरी

प्रस्तावना

घरात बाळ जन्माला आले की सर्वांच्या तोंडी बाळाचे नाव होते आणि बाळाच्या आईचे नाव मात्र हळूहळू मागे पडते. कालपर्यंत जी सुनीता होती ती आज 'बंडूची आई' होते. शेजारीण तिला तशीच हाक मारते, सासूबाईही तसेच म्हणतात आणि नवरासुद्धा 'बंडूची आई, जरा इकडे या' असे म्हणू लागतो. तिचे स्वतःचे नाव शिधापत्रिकेवर आणि बँकेच्या पुस्तकावर तेवढे उरते. बंगालमध्येही हीच रीत आहे. तेथे 'खोकार मा' म्हणतात. खोका म्हणजे लहान मुलगा. या हाकेत माया असते, मानही असतो. परंतु बाळ होण्यापूर्वी ती बाई जे काही होती, म्हणजे शिकणारी, गाणारी, शिवणकाम करून चार पैसे मिळवणारी, त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न या हाकेत कोणी विचारत नाही.

आपल्यापैकी काही जणी हा पाठ मांडीवर मूल घेऊनच वाचत असतील. त्यांना हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात, म्हणजे तेव्हाच्या कलकत्त्यात, काही स्त्रियांनी त्याला कसे तोंड दिले ते या पाठात पाहू या. त्यांतील एक बंगाली होती आणि दोघी मराठी होत्या.

१८७८ चे कोलकाता

कोलकाता त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होते. १८३५ मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले होते, १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले होते आणि मुलींसाठी बेथून यांची शाळा १८४९ पासून चालू होती. ब्राह्मो समाजाची मंडळी स्त्रीशिक्षणाचा हिरिरीने पुरस्कार करीत. तरीही विद्यापीठाच्या परीक्षेला बसलेली मुलगी ही त्या शहरातदेखील अपूर्वाईचीच गोष्ट होती.

१८७८ या एकाच वर्षी दोन तरुण स्त्रियांची नावे या शहरात गाजली. पहिली कादंबिनी बसू. भागलपूरच्या एका मुख्याध्यापकांची ही मुलगी कोलकाता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाली. तिच्या पुढील शिक्षणासाठी बेथून शाळेत महाविद्यालयाचा वर्ग उघडावा लागला आणि आरंभी त्या वर्गात ती एकटीच विद्यार्थिनी होती.

दुसरी रमाबाई डोंगरे. पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात जन्मलेली, घरी मराठी बोलणारी वीस वर्षांची ही मुलगी भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायी देशभर फिरत कोलकात्यास पोहोचली होती. आईवडील दुष्काळात गेले होते. जवळ पैसा नव्हता. होती ती फक्त विद्या. कोलकात्याच्या पंडितांनी तिच्या संस्कृत ज्ञानाची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे जगाने तिला पंडिता रमाबाई या नावाने ओळखले. म्हणजे महाराष्ट्राला परिचित असलेले हे नाव कोलकात्यात मिळालेले आहे.

कादंबिनी गांगुली

१८८३ मध्ये कादंबिनी आणि चंद्रमुखी बसू या दोघी पदवीधर झाल्या. हिंदुस्थानातील विद्यापीठाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया होत. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कादंबिनींचा विवाह द्वारकानाथ गांगुली यांच्याशी झाला. द्वारकानाथ विधुर होते, कादंबिनींपेक्षा सतरा-अठरा वर्षांनी मोठे होते आणि एके काळी त्यांचे शिक्षकही होते. स्त्रियांच्या प्रश्नांना वाहिलेले 'अबलाबांधव' हे नियतकालिक त्यांनी १८६९ मध्ये सुरू केले होते. वयातील हे अंतर पाहून समाजसुधारक मित्रांच्याही भुवया उंचावल्या. लग्न झाले की शिक्षण संपले, असाच त्या काळचा शिरस्ता होता. येथे मात्र उलटेच झाले. विवाहानंतर कादंबिनींनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागितला. महाविद्यालयाच्या अधिकाऱ्यांनी विरोध केला. अखेर बंगालच्या सरकारने आदेश दिला, तेव्हा दार उघडले.

या शिक्षणाच्या काळातच त्यांना मूल झाले. या बाळंतपणाची हकीकत आपल्याला कळते ती एका अनपेक्षित ठिकाणाहून. परिचर्याशास्त्राच्या प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनहून २० फेब्रुवारी १८८८ रोजी एक पत्र लिहिले. कोलकात्यात या गांगुलीबाईंना एखादी जागा मिळवून देता येईल का, अशी शिफारस त्यात आहे. शिफारस करताना नाइटिंगेल यांनी मोठ्या आश्चर्याने नोंदवले आहे, की डॉक्टर होण्याचा निश्चय केल्यानंतर या बाईंनी लग्न केले, त्यानंतर त्यांना एक किंवा दोन मुलेही झाली. परंतु बाळंतपणासाठी त्या अवघे तेरा दिवस गैरहजर राहिल्या आणि ऐकिवात आहे त्याप्रमाणे त्यांचे एकही व्याख्यान बुडाले नाही.

तेरा दिवस! आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर पडू देत नाहीत. तेल लावणे, शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर हे सारे सव्वा महिन्याचे वेळापत्रक असते. त्यातील सोवळ्याओवळ्याचा भाग सोडून दिला, तरी विश्रांतीचा भाग शहाणपणाचा आहे. बाळंतपणानंतर शरीर पूर्ववत होण्यास साधारण सहा आठवडे लागतात, असे डॉक्टरही सांगतात. तेव्हा नाइटिंगेल यांना ज्या गोष्टीचे कौतुक वाटले, तिच्याकडे आपण थोडे निराळ्या नजरेने पाहिले पाहिजे. कादंबिनी तेराव्या दिवसानंतर वर्गात जाऊन बसल्या, ही त्यांची जिद्द खरीच. पण त्यांना तसे करावे लागले, कारण चौदाव्या दिवशी त्या आल्या नसत्या, तर 'बाईमाणसाला हे झेपायचे नाही' असे म्हणण्यास अनेक जण टपून बसले होते. विद्यार्थिनीला बाळंतपणाची रजा द्यावी, हा विचारच तेव्हा कोणाच्या मनात आला नव्हता. स्वतंत्र भारतात १९६१ च्या कायद्याने नोकरदार स्त्रियांना प्रसूतीची पगारी रजा मिळाली आणि २०१७ मधील दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांच्या वेळी ती २६ आठवड्यांची झाली. शेतावर, वीटभट्टीवर किंवा लोकांकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पदरात यातले फारच थोडे पडले, हेही खरे.

कादंबिनींना अंतिम परीक्षेत एका विषयात गुण कमी पडले. त्यामुळे एम.बी. ही पदवी त्यांना मिळाली नाही. महाविद्यालयाने दिलेल्या 'जी.बी.एम.सी.' या प्रमाणपत्रावर त्यांना व्यवसाय करण्याचा अधिकार मिळाला. १८८८ मध्ये लेडी डफरिन स्त्री रुग्णालयात महिना तीनशे रुपये पगारावर त्यांची नेमणूक झाली.

बाळ कोणाजवळ होते?

थोर स्त्रियांची चरित्रे वाचताना एक साधा प्रश्न आपण विचारायला विसरतो. आई व्याख्यानाला गेली तेव्हा बाळ कोणाजवळ होते?

गांगुली कुटुंब कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरील १३ क्रमांकाच्या मोठ्या घरात राहत असे. हा रस्ता आज बिधान सरणी या नावाने ओळखला जातो. घरासमोरच साधारण ब्राह्मो समाजाचे मंदिर होते. द्वारकानाथांची पहिल्या विवाहापासूनची मुलगी बिधुमुखी हिचा विवाह लेखक व चित्रकार उपेंद्रकिशोर राय यांच्याशी झाला आणि हे जोडपेही त्याच घरात राहू लागले. १८८७ मध्ये तेथेच बिधुमुखीच्या पोटी सुकुमार राय जन्मले. बंगाली मुलांना पिढ्यान्‌पिढ्या हसवणारे कवी ते हेच. चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय हे त्यांचे पुत्र. सावत्र आई आणि सावत्र मुलगी यांच्या वयात फारसे अंतर नव्हते आणि दोघींची तान्ही मुले एकाच छपराखाली वाढत होती. कादंबिनींच्या मागे मुलांकडे पाहणारे हात या घरात होते. सावत्रपणाच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. या घराची कथा मात्र तशी नाही.

कादंबिनींच्या पुढील आयुष्यातली एक आठवण सांगतात. घोडागाडीतून एका रुग्णाकडून दुसऱ्या रुग्णाकडे जाताना त्या हातात सुया घेऊन नाजूक लेस विणीत असत. गाडीतला तो वेळ रुग्णाचाही नव्हता आणि मुलांचाही नव्हता. तेवढा त्यांचा होता.

पाठगत प्रश्न १
(अ) कादंबिनींच्या बाळंतपणाची माहिती कोणाच्या पत्रातून मिळते? ते पत्र कशासाठी लिहिले होते?
(आ) कादंबिनी तेरा दिवसांनंतर लगेच वर्गात का गेल्या असाव्यात?
(इ) कादंबिनींना घरातून कोणता आधार मिळाला?

पंडिता रमाबाई

रमाबाईंच्या वाट्याला असे भरलेले घर आले नाही. १८८० मध्ये त्यांचा भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी सिल्चर येथील वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. दोन्हीकडचे लोक दुरावले. १६ एप्रिल १८८१ रोजी त्यांना मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा ठेवले. पुढल्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. मनोरमा तेव्हा दहा महिन्यांचीही नव्हती आणि रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या.

त्या काळच्या उच्चवर्णीय विधवेला मोकळा रस्ता नव्हताच. केशवपन, लाल आलवण, अंधारी खोली आणि दुसऱ्याच्या चुलीपाशी जन्मभराची चाकरी हाच तिचा ठरलेला भोग असे. कडेवर मूल असेल तर त्या मुलासाठी तरी बाईने मान खाली घालावी, असे शहाणे लोक सांगत. रमाबाईंनी मुलीला घेतले आणि त्या पुण्यास आल्या. त्या १८८२ या एका वर्षात त्यांनी काय काय केले ते पाहण्यासारखे आहे. पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. 'स्त्रीधर्मनीति' हे मराठी पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. शिक्षणाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर तयार केल्या पाहिजेत असे ठामपणे सांगितले. मूल तेव्हा जेमतेम पाऊल टाकू लागले होते.

हे बळ त्यांनी कोठून आणले? त्याचे मूळ गंगामूळच्या झोपडीत सापडते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले होते. लक्ष्मीबाईंना दिवसभर घरकाम, आल्यागेल्याचे करणे यांतून उसंत मिळत नसे. म्हणून त्या पहाटे, पाखरे जागी होण्याच्या सुमारास, लहानग्या रमेला मायेने उठवीत आणि श्लोक शिकवीत. घराला जाग येण्यापूर्वीची ती घटका दोघींची असे. लक्ष्मीबाईंना स्वतःचे शिक्षण टिकवण्यासाठी दुसरा वेळच नव्हता. त्यांनी ते मुलीला देता देता टिकवले. पुढे १८८७ मध्ये 'उच्चवर्णीय हिंदू स्त्री' या विषयावर रमाबाईंनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो त्यांनी आपल्या आईच्याच स्मृतीस अर्पण केला आहे.

१८८३ मध्ये रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वैद्यक शिकावे असा त्यांचा मानस होता. पण ऐकू कमी येत असल्याने तो सिद्धीस गेला नाही. तेथे त्यांनी व मनोरमेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ज्या मठातील भगिनींनी त्यांना आसरा दिला होता त्यांच्याशीच पुढे मनोरमेवरून मतभेद झाले. मुलीला काय शिकवावे, तिने कोणत्या संस्कारांत वाढावे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्या भगिनींना वाटे. रमाबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत उपकारांची जाणीव आहे. परंतु आपल्याला स्वतःची बुद्धी आहे आणि ती कोणाकडे गहाण टाकलेली नाही, हे त्या स्पष्टपणे बजावतात. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. तेथून पाच वर्षांच्या मनोरमेला इंग्लंडला परत पाठवावे लागले आणि विधवांच्या शाळेसाठी मदत मिळवीत रमाबाई एकट्याच अमेरिकाभर व्याख्याने देत फिरल्या. आईने मुलीला दूर ठेवले याबद्दल त्यांना बोल लावणारेही होते. मुंबईत परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी शारदा सदन उघडले.

दहा दिवसांचे बाळ

अमेरिकेत रमाबाई ज्या समारंभासाठी प्रथम गेल्या, तो त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ होता. आनंदीबाईंचाही कोलकात्याशी संबंध आहे. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते आणि १८८१ मध्ये त्यांची बदली कोलकात्यास झाली. जवळच्या श्रीरामपूर येथील महाविद्यालयात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण करून आपण डॉक्टर होण्यासाठी परदेशी का जात आहोत ते सांगितले आणि एप्रिलमध्ये कोलकात्याहूनच त्या बोटीने निघाल्या.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता आणि योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांत गेला होता. मूल गेले की 'अमक्याची आई' ही हाकही कोणी मारत नाही, पण ती बाई आई झालेली असतेच. आनंदीबाईंनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. पुढच्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षापूर्वी, क्षयाने त्यांचा अंत झाला.

मुंबईची सभा आणि 'बंगबासी'चा खटला

हंटर आयोगापुढील रमाबाईंच्या साक्षीचा प्रभाव डफरिन निधीच्या स्थापनेवर पडला, असे मानले जाते. तसे असेल, तर कडेवर मूल असलेल्या एका मराठी विधवेच्या बोलण्याने कोलकात्यातील दुसऱ्या एका आईला नोकरी मिळण्याची वाट मोकळी झाली. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. स्त्री प्रतिनिधी प्रथमच हजर राहिल्या त्या याच अधिवेशनाला. त्यांत पंडिता रमाबाई होत्या आणि कोलकात्याहून आलेल्या कादंबिनी गांगुलीही होत्या.

मान मिळाला तशी निंदाही वाट्यास आली. १८९१ मध्ये 'बंगबासी' या सनातनी पत्राने कादंबिनींवर अत्यंत हीन शब्दांत आरोप केला. मुलाबाळांची आई असून जी बाई रात्री-अपरात्री रुग्ण तपासायला बाहेर पडते ती कुलीन असूच शकत नाही, असा त्यामागील सूर होता. आई ही पदवी लोक किती सहज हिसकावून घेऊ पाहतात, याचा हा नमुना. कादंबिनी आणि द्वारकानाथ रडत बसले नाहीत. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. संपादकाला शंभर रुपये दंड आणि सहा महिन्यांचा कारावास अशी शिक्षा झाली.

पण एक सल राहिलाच होता. एम.बी. नसल्यामुळे रुग्णालयात त्यांना गोऱ्या स्त्री डॉक्टरांच्या बरोबरीचा दर्जा मिळेना. तेव्हा मुले घरच्या माणसांवर सोपवून कादंबिनी शिक्षणासाठी स्कॉटलंडला गेल्या आणि १८९३ मध्ये तेथील वैद्यकीय संस्थांची तिहेरी पदविका घेऊन कोलकात्यास परतल्या. त्या परत आल्या त्या दिवसाची एक आठवण सांगितली जाते. सगळे घर त्यांच्याभोवती जमले. परंतु अगदी धाकटे मूल काही केल्या त्यांच्याकडे जाईना. त्याने आईला ओळखलेच नाही. आयोगापुढे, परीक्षकांपुढे, न्यायालयापुढे न डगमगणाऱ्या या पिढीतील स्त्रियांना अशा क्षणी काय वाटले असेल, ते कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नाही. कादंबिनींच्या डोळ्यांत पाणी आले म्हणतात.

त्यानंतर तीस वर्षे त्या कोलकात्यात रुग्ण तपासत होत्या. त्यांची मुलगी ज्योतिर्मयी शिकून शिक्षिका झाली आणि स्वातंत्र्यलढ्यात उतरली. ३ ऑक्टोबर १९२३ रोजी कादंबिनी एक शस्त्रक्रिया आटोपून घरी आल्या आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले.

शब्दार्थ
शिरस्ता – रूढ पद्धत
आलवण – विधवेने नेसायचे लाल लुगडे
केशवपन – विधवेचे केस काढणे
पटकी – कॉलरा
उसंत – फुरसत
सल – मनात टोचणारी गोष्ट

स्वाध्याय
१. लक्ष्मीबाई रमाबाईंना पहाटे का शिकवीत? आपल्या माहितीतील एखादी आई स्वतःसाठी दिवसातला कोणता वेळ काढते, ते तिला विचारून पाच-सहा ओळींत लिहा.
२. कादंबिनी आणि रमाबाई यांच्या परिस्थितीत कोणता मोठा फरक होता? त्याचा दोघींच्या मुलांवर काय परिणाम झाला?
३. 'तेरा दिवसांनी वर्गात परतणे' ही गोष्ट फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना कशी वाटली? आपल्याला कशी वाटते? सकारण लिहा.
४. आपल्या शेजारी नुकतीच बाळंत झालेली एक विद्यार्थिनी आहे. पुढील परीक्षेला बसावे की एक-दोन विषय नंतर द्यावेत, असा तिला प्रश्न पडला आहे. तिला, तिचे नाव घेऊन, एक पत्र लिहा.